आधी वरचं बूच

मोटारींवर पोट असलेले आमचे वस्ताद जन्मात कधी मोटारीत बसले नाहीत. बाजाराच्या दिवशी काम आटोपलं की ते गेवराईहून चकलांब्याला, म्हणजे आपल्या गावी, पायी निघायचे. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी आणि हातात चपला. चपला हातातच असायच्या, कारण पायात घातल्या की झिजतात. मागून आमची लॉरी उमापूरकडे निघालेली असली की ड्रायव्हर ती थांबवायचा आणि ओरडायचा, "वस्ताद, बसा की. लई जागा हाय." वस्ताद हात हलवून लॉरीला पुढं घालवायचे.

एकदा मीही लॉरीत होतो. खाली उतरून मी विचारलं, "का बसत नाही हो तुम्ही?"

"मास्तर, जिच्या पोटात हात घालतो तिच्या डोक्यावर कसं बसू? बरं दिसतंय का ते?"

ड्रायव्हर हसला, मीही हसलो. लॉरी सुरू झाल्यावर मागं वळून पाहिलं तर वस्ताद रस्त्यातच वाकून आमच्या चाकांमधून खाली बघत होते. कुठं तेल गळतंय का, ते पाहत होते.

वस्तादांच्या अशा गमती मी पुष्कळ सांगत आलो आहे. चार माणसं जमली की सांगतो, लोक हसतात. पण एक गोष्ट सांगत नाही. त्या मुलखात त्यांचं नाव खराब झालं ते माझ्यामुळे. आज ती गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याविषयी कोणाचं मत उगाच चांगलं व्हायला नको.

निजामाच्या अमलातले दिवस होते. उमापूरच्या एका देशमुखांनी दोन लॉऱ्या घेतल्या होत्या आणि त्या गेवराईहून जालन्याच्या स्टेशनापर्यंत उतारू आणि माल नेत असत. मधे शहागडला गोदावरी. पूल नव्हता. पावसाळ्यात लॉऱ्या बंद, आणि एरवी नदीचं पात्र उतारावरून ओलांडायचं. पाणी मागच्या आसाला लागायचं. त्या आसाच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो आणि त्याच्या पोटात दात्यांची चाकं तेलात फिरत असतात. तेलाशिवाय ती चाकं एकमेकांना खातात. गोळ्याला दोन बुचं. खालचं काढलं की जुनं तेल गळून जातं आणि वरचं काढून नवं तेल भरायचं. नदीचं पाणी हळूहळू त्या गोळ्यात शिरायचं म्हणून तेल सारखं बदलावं लागे, आणि पाण्यानंच बुचं गंजून अशी धरायची की पान्याला दाद देत नसत. खालच्या बुचावर आतून तेल असतं, ते बऱ्या बोलानं निघतं. वरचं मात्र कोरडं राहतं, आणि गंजतं ते तेच.

मी नगरच्या एका मोटार कारखान्यात दोन वर्षं काम शिकून आलो होतो. इंग्रजी पुस्तकातली चित्रं बघून यंत्राचे भाग ओळखायचो, खालचं थोडंफार वाचायचोही, म्हणून गेवराईत मला सगळे मास्तर म्हणत. वय चोवीस. सर्टिफिकीट काचेत बसवून आणलेलं. वस्ताद पन्नाशीच्या पुढचे आणि अक्षरशत्रू. ते मूळचे चकलांब्याचे लोहार. बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव बसवण्यात हयात गेलेली. धाव गोवऱ्यांच्या आरात लाल करायची, तापून ती मोठी झाली की चाकावर चढवायची आणि पाणी ओतायचं, म्हणजे ती आवळून बसते. एकदा देशमुखांच्या लॉरीचं बूच उमापुरात अडकलं. दोन दिवस कोणाला निघेना. वस्तादांनी ते काढून दिलं, तेव्हापासून देशमुखांनी त्यांना गेवराईच्या अड्ड्यावर ठेवून घेतलं होतं. इंजिनाचं काम माझं आणि खालचं, म्हणजे आस, चाकं आणि बुचं, हे वस्तादांचं. मला वाटायचं, एका लोहाराला देशमुखांनी फार चढवून ठेवलंय.

बूच अडकलं असं वस्ताद कधी म्हणत नसत. "जावई रुसलाय," म्हणायचे. आपल्याकडे लग्नात नवरदेव रुसून बसतो, मग मुलीकडची मंडळी त्याला हवं-नको विचारत त्याच्याभोवती फिरतात, तसं त्यांचं ते फिरणं असे. आधी घासलेटात भिजवलेलं फडकं बुचाला बांधायचं. ते दोन दिवस, तीन दिवस तसंच. रोज सकाळी येऊन फडक्यावर थोडं घासलेट शिंपडायचे आणि म्हणायचे, "जेवतोय. जेवू द्या." मग एका लहान हातोडीनं बुचाच्या माथ्यावर हलक्या हातानं ठोकत बसायचे, तास तास. त्यानंतर भात्यावर लाल केलेली एक लोखंडी कडी चिमट्यानं धरून बुचाभोवती टेकवायचे. बूच नाही तापवायचं, त्याच्या भोवतीचं लोखंड तापवायचं. "धाव तापली की मोठी व्हती. तसं भोक बी मोठं व्हतं. मग आत बसल्याला जरा ऐसपैस वाटतं." त्या गरम फटीला मेण लावलं की ते आत ओढलं जाई. आणि पाना लावल्यावर पहिल्यांदा ते बूच उघडायच्या दिशेला फिरवत नसत. अगदी नखाएवढं, आवळायच्या दिशेला. "रुसल्याला आदी म्हनावं, बस बाबा, बस आनकी. मग त्यो उटतो."

नगरला असलं काही शिकवत नसत. तिथं पान्याला लांब नळी लावायची आणि जोर करायचा.

एकदा अव्वल तालुकदारांची, म्हणजे निजामाकडच्या कलेक्टरांची, मोटार बीडहून औरंगाबादला जाताना आमच्या अड्ड्यावर थांबली. मागून चाकांचा आवाज येत होता, तेल घालायचं होतं, आणि वरचं बूच हलेना. वस्ताद गाडीखाली गेले. साहेबांनी घड्याळ काढून विचारलं, "कितनी देर लगेगी?"

"दामाद रूठे सो हैं, सरकार," खालून आवाज आला. "खाना खिला रऊं."

साहेब आमच्या तोंडाकडे बघायला लागले. चपराशी पुढं झाला आणि त्यानं वस्तादांच्या बाहेर आलेल्या पायाला काठी टोचली. "ए, जल्दी कर बे!"

वस्ताद बाहेर आले. राखेनं हात घासले, धुतले, शिदोरी सोडली आणि निंबाखाली भाकरी खायला बसले. मीच जवळ जाऊन म्हटलं, "अहो वस्ताद, तालुकदारसाहेब आहेत ते."

"असू द्या की. कोनी बोललं का माजी ठोक चुकती. आता पयल्यापासनं करावं लागंल, म्हून जेवून घेतो."

मग त्या साहेबांनी काय करावं? टोपी काढली, निंबाखाली खुर्ची मागवली आणि तीन तास गप्प बसले. साहेब गप्प म्हणून चपराशी गप्प आणि अख्खा अड्डा गप्प. दुपारभर नुसती ती टकटक. शेवटी बूच निघालं. साहेब इतके खूश झाले की त्यांनी ते बघायला हातात घेतलं. "हातात धरू नगा, तापलंय," हे वस्तादांनी सांगितलं, पण जरा उशिरानं. साहेबांनी हात झटकला आणि पहिल्यांदा हसले.

वस्ताद जुनं तेल जिभेवर लावून बघायचे. आत शिरलेलं पाणी गोदेचं की सिंदफणेचं, ते सांगायचे. ड्रायव्हर पैज लावायचा आणि हरायचा. मी म्हणायचो, हे थोतांड आहे, कारण गेल्या आठवड्यात गाडी कुठल्या नदीतून गेली ते अड्ड्यावर सगळ्यांनाच ठाऊक असतं. वस्ताद त्यावर चिडत नसत. बोट माझ्यापुढे धरून म्हणायचे, "चाटून बगा की मास्तर." मी कधी चाटलं नाही.

एका बाबतीत मात्र ते हट्टी होते, इतके की माणूस वैतागावा. खालच्या बुचाला कोणी आधी पाना लावला की ते असतील तिथून धावत यायचे. "आदी वरचं! वरचं काडा आदी!" तेल भरायची वाट मोकळी झाल्याशिवाय गळायची वाट उघडायची नाही. वरचं बूच हातात आलं, ते फडक्यावर ठेवलं, की मगच खालचं. कालच निघालेलं असलं तरी आज आधी वरचंच. मी एकदा म्हणालो, "काय फरक पडतो? दोन्ही काढायचीच आहेत ना?"

"वरचं न्हाई निघालं तर?"

"निघेल की. न निघायला काय झालं?"

"सासऱ्यासारकं बोलू नगा मास्तर. त्याला वाटतं, जावई उटनारच," ते म्हणाले, आणि बाकीचे खो खो हसले. मला तो शब्द झोंबला. नगरला शिकलेल्या माणसाला एक लोहार चार लोकांत असं बोलतो, हे मनातून जाईना. इतकी क्षुल्लक गोष्ट, पण पुढचं सगळं त्यातून झालं असं आता वाटतं.

उन्हाळ्याचे दिवस. चकलांब्याला जत्रा होती म्हणून वस्ताद तीन दिवस गावी निघाले. थोरल्या लॉरीचं तेल बदलायला झालं होतं आणि वरचं बूच नेहमीप्रमाणे रुसलं होतं. जाण्याआधी त्यांनी त्याला घासलेटाचं फडकं बांधलं. त्यांची गाठ ठरलेली, दोन वेढे आणि टोक आत खोवलेलं. मला बोलावून म्हणाले, "मास्तर, ह्याला हात लावू नगा. जेवतोय. मी आलो की काडू." ड्रायव्हर आणि अड्ड्यावरचा कारकून शेजारीच उभे होते. त्यांनीही ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देशमुखांचा निरोप आला. मुलीच्या सासरचे नवे व्याही जालन्याला रेल्वेनं उतरणार, उद्या थोरली लॉरी त्यांना आणायला जाईल, गाडी चोख असू द्या. मी निरोप्याला म्हणालो, "गाडी तयार ठेवतो म्हणून सांग." वस्तादांच्या परतण्याची वाट पाहायचं काही कारण नव्हतं असं नाही, पण मला ते काम त्यांच्याशिवाय झालेलं दाखवायचं होतं.

दुपारी ड्रायव्हर जेवायला गेला, कारकून पेंगत होता, ठोकाठोकीची त्याला सवयच होती. मी गाडीखाली शिरलो आणि खालचं बूच काढलं. ते लगेच निघालं. ताकासारखं पांढरं झालेलं तेल घमेल्यात पडलं. मग वरच्याचं फडकं सोडून पाना लावला. हलेना. नळी लावली, अंगाचा सगळा भार टाकला, तेव्हा पाना सटकला आणि बुचाचे कोपरे गेले. छिन्नी लावून हातोडा मारला. चौथ्या-पाचव्या घावाला बुचाचा माथाच तुटून माझ्या छातीवर पडला, आणि बाकीचं बूच भोकात तसंच राहिलं.

गोळ्यात थेंब तेल नव्हतं, आणि भरायला वाट नव्हती.

मी तिथं गाडीखाली उताणा किती वेळ पडलो होतो कोण जाणे. घामानं पाठीला माती चिकटली होती. तेव्हा उठून निरोप पाठवला असता, 'लॉरी उद्या जाणार नाही, माझ्याकडून बूच तुटलं,' तर काय झालं असतं? देशमुख बोलले असते. लोक चार दिवस हसले असते. धाकटी लॉरी व्याह्यांना आणायला गेली असती. एवढंच. पण मला वस्तादांचं तोंड दिसत होतं आणि 'सासरा' हा शब्द ऐकू येत होता. मी खालच्या भोकातून, बोटानं थोपवत थोपवत, वाटीभर तेल कसंबसं आत ढकललं आणि ते बूच बसवलं. एक फेरी निघेल, मग बघू, असं स्वतःला सांगितलं. आणि वरच्या तुटक्या बुचावर मी ते फडकं पुन्हा बांधलं. दोन वेढे, टोक आत खोवलेलं. इतकी नीट गाठ मी आयुष्यात दुसरी मारली नसेल.

ड्रायव्हरनं विचारलं, "गाडी तयार हाय न्हवं उद्याला?"

"तयार आहे," मी म्हणालो.

लॉरी जालन्याला पोचली. परत येताना अंबडपासूनच मागून रडल्यासारखा आवाज येत होता, असं ड्रायव्हरनं नंतर सांगितलं. गोदावरीच्या ऐन मध्यात आत काहीतरी फुटलं आणि मागची चाकं जागच्या जागी थांबली. देशमुखांचे नवे व्याही, रेशमी फेटे बांधलेले, जोडे हातात घेऊन आणि धोतरं वर करून गुडघाभर पाण्यातून काठाला आले. विहिणीला बरोबरच्या दोघींनी धरून आणलं. त्याच काठावर स्वागताला देशमुख स्वतः हार घेऊन उभे होते.

बैल जोडून लॉरी अड्ड्यावर ओढून आणली, त्याच दिवशी दुपारी वस्ताद चकलांब्याहून पायी आले. अड्ड्यावर पन्नासएक माणूस जमलेलं. देशमुखांनी फडक्याकडे बोट केलं.

"हे फडकं कोनाचं?"

"माजंच हाय, मालक."

"सोड."

वस्तादांनी वाकून गाठ सोडली आणि आतलं बघितलं. मग खालच्या बुचावरून बोट फिरवलं. उठले तेव्हा त्यांनी देशमुखांकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखादं बूच कसं बसलंय ते बघतात तसं बघितलं.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमी सांगा."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "वस्ताद जाताना म्हणाले होते, ह्याला हात लावू नका. मी हात लावला नाही."

"व्हय मालक, आसं म्हनले व्हते," कारकून म्हणाला. ड्रायव्हरनंही मान हलवली. दोघंही खरंच बोलत होते. माझ्या बोलण्यातलं पहिलं वाक्यसुद्धा खरं होतं. मी निवडून तेच पुढं केलं होतं.

देशमुख वस्तादांना म्हणाले, "जत्रेच्या घाईत बूच फोडलंस, तेल न घालता फडकं बांधून पळालास. माज्या व्याह्यासमोर माजं नाक कापलंस. आजपासून माज्या मोटारीला हात लावायचा न्हाई."

वस्ताद म्हणाले ते फक्त एवढंच, "हे आत राहिल्यालं तेवडं काडून जातो. न्हाईतर भोक खराब करत्याल." देशमुख तोंड फिरवून निघून गेले. तोच होकार समजून वस्तादांनी भाता पेटवला.

ते काम चार तास चाललं. लोक पांगले. मी लांब निंबाखाली उभा होतो. थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली. "हितं या, मास्तर. हितं बसा. बगून ठिवा." मी गेलो. ते एकेक गोष्ट दाखवत होते, कडी किती लाल हवी, मेण कधी लावायचं, तुटक्या तुकड्याला छिन्नीनं कडेकडेनं कसं फिरवत न्यायचं. एरवी कोणी बोललं तर काम टाकून उठणारा माणूस स्वतः बोलत होता. मला वाटलं, आता ते विचारतील. आता विचारतील. मी मनाशी ठरवलं होतं की विचारलं तर कबूल करीन. त्यांनी विचारलं नाही. तुकडा निघाला, भोकाच्या एका आट्यालाही ओरखडा नव्हता. त्यांनी नवं बूच हातानंच बसवलं, पान्यानं जरासं टेकवलं, राखेनं हात धुतले आणि चपला हातात घेऊन चकलांब्याची वाट धरली. त्यांनी मला काय शिकवलं हे मला कळत होतं. मी ते सगळं नीट लक्षात ठेवलं, आणि तोंड उघडलं नाही.

पुढं खालचं कामही माझ्याकडे आलं. घासलेट, कडी, मेण, आधी आवळणं, सगळं मी तसंच करू लागलो आणि माझं नाव झालं. बीडपर्यंतचे मोटारवाले बोलवायला यायचे. कोणी विचारलं, 'हे कुठं शिकलात?' तर मी 'नगरला' म्हणायचो.

वस्तादांची बातमी बाजाराच्या दिवशी कानावर येई. ते परत धाव बसवायला लागले होते. पण लोकांना थट्टेला विषय मिळाला होता. चाक घेऊन येणारा माणूस म्हणायचा, "वस्ताद, तेल घालायचं ईसरू नका बरं." लाकडाच्या चाकाला कसलं तेल, पण हसायला तेवढं पुरे. चकलांब्याचं कोणी उमापूरला गेलं तरी लोक विचारत, "काय, व्याह्यांना पोहायला शिकवनारे लोहार तुमच्याच गावचे ना?" नेहमीची गिऱ्हाइकं लांबच्या नेकनूरच्या बाजारातून धावा बसवून आणू लागली. त्यांच्या मुलानं भाता बंद करून दुसऱ्याच्या शेतात काम धरलं. हे सगळं मी ऐकायचो आणि दर वेळी ठरवायचो, पुढच्या बाजाराला जाऊन सांगू. असे आठ वर्षांचे बाजार गेले.

मग एकदा गेलो. सकाळी निघालो आणि चकलांब्याला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. वस्ताद घरापुढं विळ्यांना धार लावीत बसले होते. खूप वाळले होते. मला बघून म्हणाले, "या मास्तर. पानी घ्या." पाणी प्यालो. इकडचं तिकडचं काही बोलायच्या आतच मी सांगून टाकलं. खालचं बूच मी आधी काढलं, वरचं मी तोडलं, फडकं मी बांधलं. सांगताना रडलोही. खरं रडलो की रडलेलं दिसावं म्हणून रडलो, हे आज शपथेवर सांगता येणार नाही.

त्यांनी हातातला विळा खाली ठेवला. "ते मला कावून सांगताय?" ते म्हणाले. "मला तर त्याच दिशी कळलं व्हतं. खालच्या बुचावरच्या पान्याच्या खुना तुमच्या व्हत्या."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमाला बोला म्हनलं व्हतं की. आता मला ठावं हाय ते मलाच सांगून काय व्हनार? ज्यांला ठावं न्हाई त्यांला सांगा. आज गेवराईचा बाजार हाय. मालक आड्ड्यावर असत्याल, समदे असत्याल. जावा, तितं सांगा."

"सांगतो," मी म्हणालो. "आज सांगतो."

त्यांनी लगेच घरात तोंड करून सुनेला हाक मारली. "मास्तरला भाकर दे गं, त्यांला लांब जायचंय." जेवताना ते समोर बसून होते. मी निघालो तेव्हा शिवेपर्यंत पोचवायला आले, आणि मी वळणावरून मागं पाहिलं तेव्हाही तिथंच उभे होते.

अड्ड्यावर बाजारची गर्दी होती. देशमुख बाजेवर बसले होते, भोवती दहा-वीस माणसं. मला बघून ते म्हणाले, "काय मास्तर, सकाळधरनं कुठं गेलतात?" ड्रायव्हर होता, कारकून होता. सांगायचं तर याहून चांगली वेळ नव्हती. मी तोंड उघडलं.

"चकलांब्याला गेलो होतो," मी म्हणालो. "एकानं मोटार बघायला बोलावलं होतं."

देशमुखांनी माझ्यासाठी चहा मागवला, आणि मी तो बसून प्यालो. त्यानंतर चकलांब्याच्या वाटेनं मी पुन्हा गेलो नाही. बाजाराच्या दिवशी वस्ताद तीन-चार आठवडे अड्ड्याच्या समोर येऊन उभे राहत असत, असं कारकुनानं मला एकदा सांगितलं. कशाला येतात कोण जाणे, तो म्हणाला, आत येत नाहीत, बोलत नाहीत, लोकांच्या तोंडाकडे बघतात आणि निघून जातात. त्या दिवसांत मी बाजाराच्या दिवशी मुद्दाम दुसऱ्या गावचं काम काढत होतो.

आता देशमुख नाहीत, ड्रायव्हर नाही, तो अड्डाही नाही. वस्ताद जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. त्यांचा नातू मात्र गेवराईत असतो. चांगला शिकलेला आहे, वाचतो, मला भेटला की वाकून नमस्कार करतो, कारण 'आमच्या आज्यासंगं तुमी काम केलेलं हाय.' हे लिहायला बसलो तेव्हा पहिल्याच ओळीत मी वस्तादांचं पूर्ण नाव लिहिलं होतं. मग हा लेख त्याच्या हातात पडेल असं मनात आलं, आणि मी ते खोडून नुसतं 'वस्ताद' केलं.